पाटातलं कवच

साक्रीच्या माझ्या मामांना सगळे आप्पा म्हणतात. उभा जन्म त्यांनी पांझरेवरच्या फडाचं पाणी वाटलं. नदीवर बंधारा घालायचा, पाट काढायचा आणि खालची शेती सगळ्यांनी मिळून पाळीपाळीनं भिजवायची, ही आपल्या खानदेशातली काही शतकांची रीत. पाणी कुणाला कधी, ते पाहणारा पाटकरी. आप्पा पाटकरी होते, आणि रात्री भजनाला बसणारे. मी भूशास्त्र शिकले आणि तेच शिकवते.

या दिवाळीत गेले, तर देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी हाडाचा एक तुकडा दिसला. तळहाताएवढा. वरची बाजू बारीक दाणेदार, खालची गुळगुळीत, एका कडेला करवतीसारखे दात. त्यावर गंध आणि झेंडूचं फूल. पाट उपसताना गाळात मिळाला होता. आप्पांनी तो माझ्या हातात दिला, आणि पुढं तासभर आमचं जे बोलणं झालं ते असं.

आप्पा : बठ बेटा. हे बघ आणि सांग. कूर्माचं आहे ना?

मी : कासवाचं आहे, आप्पा. नक्की कासवाचं.

आप्पा : साधं नव्हे. फार जुनं, फार मोठं. पूर्वी या पृथ्वीवर हत्तीला भारी पडेल असं कासव होतं. आदिपर्वात आहे. विभावसू आणि सुप्रतीक, दोघे सख्खे भाऊ, वाटणीवरून भांडले. एकमेकांना शाप दिला. एक हत्ती झाला, एक कासव, आणि तळ्यात भांडत राहिले. हत्ती सहा योजनं उंच, कासव तीन योजनं. गरुडानं एका पंजात हत्ती धरला, दुसऱ्यात कासव. मी पाण्याची भांडणं मिटवताना शेतकऱ्यांना हीच गोष्ट सांगायचो.

मी : गोष्ट मला तुमच्याकडूनच माहीत आहे. पण हे हाड त्या कासवाचं नाही. हातात तोलून बघा, किती हलकं आहे. लाखो वर्षं मातीत राहिलेल्या हाडात खनिजं शिरतात, ते दगडासारखं जड होतं. नखानं वाजवलं तर खापरासारखं वाजतं. हे लाकडासारखं वाजतंय. वरचे हे दाणे मऊ पाठीच्या नदीकासवाच्या हाडावर असतात. कडेचे दात म्हणजे शेजारच्या हाडाशी सांधा. कवच ही काही कासवानं अंगावर घेतलेली पेटी नाही. त्याच्या फासळ्या आणि पाठीचा कणाच पसरून, एकमेकांत गुंतून ते तयार होतं. कासव कवचाबाहेर येऊच शकत नाही. हे तुमच्या पांझरेतलंच कुणीतरी आहे, थोड्या वर्षांपूर्वीचं.

आप्पा : म्हणजे तुझ्या शास्त्रात मोठं कासव नव्हतंच?

मी : होतं की! खरोखर होतं, आणि भारतातच होतं. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत. १८३०च्या दशकात सहारनपूरच्या सरकारी बागेचा प्रमुख होता ह्यू फॉकनर नावाचा स्कॉटिश डॉक्टर. त्याचा मित्र प्रोबी कॉटली कालव्यांचा इंजिनिअर. पुढं गंगेचा मोठा कालवा यानंच काढला.

आप्पा : म्हणजे पाटकरीच!

मी : पाटकरीच. दोघांनी मिळून शिवालिकातून हजारो हाडं गोळा केली. हत्तींची, पाणघोड्यांची, आणि जिराफाच्या कुळातल्या एका दांडग्या जनावराची. त्याला त्यांनी शिवाचं नाव दिलं, शिवथेरियम. १८३७ साली लंडनच्या भूशास्त्र संस्थेनं दोघांना वोलास्टन पदक दिलं. त्या हाडांत कवचाचे अवजड तुकडे होते. त्यांवरून त्यांनी जमिनीवर राहणारं एक अतिप्रचंड कासव ओळखलं. आज त्याला मेगालोकेलिस अ‍ॅटलस म्हणतात. मेगालोकेलिस म्हणजे मोठं कासव. अ‍ॅटलस म्हणजे ग्रीक कथांतला आभाळ खांद्यावर घेणारा.

आप्पा : बघ! हिमालयाचं कासव, हाडं निघाली शिवाच्या डोंगरात, आणि नाव ग्रीकांचं. मंदराचल पाठीवर घेणारा आमच्याकडं असताना.

मी : पण आप्पा, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. १८४४ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढं त्या कासवाबद्दल बोलताना फॉकनरनं तुमचीच बाजू घेतली. कूर्मावतार, पृथ्वी पेलणारं कासव आणि गरुडानं उचललेले हत्ती-कासव या सगळ्यांचा त्यानं उल्लेख केला. त्याचं म्हणणं असं की माणसानं हा प्राणी जिवंत पाहिला असावा, आणि ती आठवण पुराणांत उतरली असावी.

आप्पा : मग भांडण संपलं! साहेबानंच मान्य केलं.

मी : साहेबानं मान्य केलं म्हणून ते खरं ठरत नाही. त्याच्या काळी कुठला थर किती जुना, हे मोजायची साधनं नव्हती. आज आहेत. वीस-पंचवीस लाख वर्षांपूर्वी ही कासवं शिवालिकात होती, आणि तिथून ती संपली त्यालाही लाखो वर्षं झाली. तुमच्या-माझ्यासारखा बोलणारा, गोष्ट सांगणारा माणूस भारतात आला तो लाखभर वर्षांच्या आतबाहेर. ज्याला त्यानं पाहिलंच नाही त्याची आठवण कशी राहील?

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी असा मुद्दा काढला की मला थांबावं लागलं.

आप्पा : पाटण्याला शहामृगाच्या अंड्याची टरफलं निघाली, हे तूच मला सांगितलं होतंस ना?

मी : हो. चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकात तिथं उत्खनन केलं. टरफलाचे मणी निघाले, आणि नक्षी कोरलेला एक तुकडाही. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा.

आप्पा : त्याआधी कुणी म्हणालं असतं की आपल्या खानदेशात शहामृग पळत होते, तर तुम्हीच हसला असता. मग आज सापडलं नाही म्हणून नव्हतंच, असं कसं म्हणतेस?

मी : हा मुद्दा बरोबर आहे. नव्हतंच असं मी म्हणणार नाही. सापडलं नाही एवढंच म्हणेन. आणि शहामृगही टरफल हातात आल्यावर मानला. पुढं भारतातल्या टरफलांतून जनुकं काढून तपासली, तेव्हा ते आफ्रिकेतल्या शहामृगाचेच भाईबंद निघाले. कासवाचं तसं काही मिळालं तर मी स्वतः पेढे वाटीन. पण ते कुठं शोधायचं याचंही गणित आहे. साक्रीच्या भोवतीचा हा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा. धुळे-नंदुरबारकडं माळावर मैलोन्‌मैल सरळ गेलेल्या दगडी भिंती दिसतात ना? त्या माणसानं बांधलेल्या नाहीत. जमिनीच्या भेगांत लाव्हा चढला आणि तिथंच गोठला. दोनशेहून जास्त आहेत अशा. त्या दगडात हाड शोधून उपयोग नाही.

आप्पा : मग महाराष्ट्रात कासव मिळालंच नाही?

मी : मिळालं. लाव्हा एकदम आला नाही. एक थर आला, मग मोठा विसावा. त्यात तळी साचली, गाळ बसला, जीव राहिले, आणि वर पुन्हा लाव्हा आला. मुंबईत वरळीच्या बाजूला असाच गाळ दोन थरांत दबलेला होता. एकोणिसाव्या शतकात त्यात छोटे बेडूक आणि छोटी कासवं मिळाली. त्यातल्या कासवाला डॉक्टर लीथ यांचं नाव दिलं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनोसोरांच्या थरात कासवाची कवटी मिळाली. तिच्यावर सोहनलाल जैन यांनी काम केलं, आणि आता त्या कासवाचं नावच जैनेमिस आहे. पण ही सगळी पाण्याची कासवं, त्या महाकासवाहून फार फार जुनी. महाकासवाच्या काळातलं काही मिळालंच, तर ते तापीच्या खोऱ्यातल्या जाड गाळात मिळायची आशा. काळ्या दगडात नाही.

आप्पा : आणि तुझं ते शिवालिकातलं, ते केवढं होतं? तीन योजनं नसेल, पण केवढं?

मी : फॉकनरनं कवच बारा फुटांहून लांब धरलं होतं, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत अठरा फूट. पुढं १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या संग्रहालयाचा बार्नम ब्राऊन शिवालिकात आला. त्याला चांगलं कवच मिळालं, ते जोडून उभं केलं. आता कवच सहा-सात फुटांचं धरतात आणि वजन हजार किलोच्या आसपास. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात अद्वैत नावाचं कासव होतं, अल्डाब्रा बेटावरचं. २००६ साली गेलं. अडीचशे वर्षांचं होतं असं सांगत. त्याचं वजन अडीचशे किलोच्या आसपास. तशी चार एकावर एक ठेवा.

आप्पा : म्हणजे साहेबानंही माप फुगवलंच. पुराणानं फुगवलं तर ती भाकडकथा, आणि साहेबानं फुगवलं तर तो अंदाज?

मी : दोघांनीही फुगवलं. पण साहेबाचं माप पुढच्या माणसानं दुरुस्त केलं, आणि त्यात फॉकनरचा अपमान झाला असं कुणी मानलं नाही. तुमच्या फडात नाही का, एका वर्षी पाळी चुकली तर पुढच्या वर्षी बैठकीत सरळ करतात? तसंच. पुराणातलं माप मात्र कुणी दुरुस्त करत नाही.

आप्पा : पुराणाचं माप दोरीनं मोजायचं नसतं, बेटा. तीन योजनं म्हणजे भावाभावांचा राग केवढा मोठा होतो ते सांगायचं आहे. संतांनी सांगितलं की कासवी नुसत्या नजरेनं पिलांना पोसते. आम्ही ते गातो तेव्हा डोळ्यांत पाणी येतं.

मी : आणि खरी कासवी वाळूत अंडी घालते, वरून माती ओढते आणि निघून जाते. पिलांना ती पुन्हा पाहतही नाही.

आप्पा : मला ठाऊक आहे ते. पाटाच्या कडेला मी अंडी पाहिली आहेत, पिलं एकटी पाण्याकडं जाताना पाहिली आहेत. संतांनाही ठाऊक असेल. त्यांना कासवाचं सांगायचं नव्हतं, आईचं सांगायचं होतं.

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. हाड जे सांगतं ते गोष्ट सांगत नाही, आणि गोष्ट जे सांगते ते हाडात लिहिलेलं नसतं. मला वाटलं, आता दोघांचं जमलं. पण आप्पांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि बोलणं खरं तिथं सुरू झालं.

आप्पा : एवढं दांडगं जनावर. पाठ दगडाची. वाघ-लांडग्याला दाद देणारं नाही. मग संपलं कशानं?

मी : हवा पालटली, रानं आणि गवताळ माळ बदलले, हे एक कारण असावं. दुसरं कारण आपल्या जातीचं. या कासवाचे भाईबंद जावा, सुलावेसी, तिमोर या बेटांवरही होते. दोन पायांवर चालणारा, हातात दगड धरणारा आदिमानव आशियात पसरला आणि ही कासवं एकेका ठिकाणाहून नाहीशी झाली. अनेक अभ्यासक हे दोन्ही जोडतात. कासवाचं सगळं बळ दडी मारण्यात. दात आणि पंजे यांच्यापुढं ते चालतं. पण चार जणांनी मिळून त्याला उलटं केलं की ते हलूही शकत नाही. पोटाच्या कवचाचं पुढचं टोक त्याला फाळासारखं पुढं आलेलं होतं. नर त्यानं एकमेकांना उलथवत असावेत. माणसापुढं त्याचा काय उपयोग? शिवाय ते वयात येतं फार उशिरा. दरवर्षी थोडी मोठी कासवं मारली, तरी काही पिढ्यांत वंश बसतो.

आप्पा : हा अंदाज झाला. पाहिलं कुणी?

मी : लाखो वर्षांपूर्वीचं कुणी पाहिलं नाही. पण दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं लिहून ठेवलेलं आहे. मॉरिशसला आपली मराठी माणसं राहतात ना? त्या बेटावर आणि शेजारच्या रियुनियन, रॉड्रिग्ज बेटांवर मोठी भूकासवं होती, हजारोंनी. जहाजं यायची आणि कासवं जिवंत उचलून तळाला रचायची. दाणापाणी न देता महिनोन्‌महिने जगतात, म्हणून ताजं मांस. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिन्ही बेटांवरची संपली. आता मॉरिशसला दिसतात ती अल्डाब्राहून आणलेली.

आप्पा हातातल्या हाडाकडं बघत राहिले.

आप्पा : आमच्याकडं तसं झालं नाही. आमच्या विहिरीत कासव सोडायचे, पाणी चांगलं राहतं म्हणून. मेलेलं-कुजलेलं ते खातं. विहीर उपसली तर पाटीत घालून वर काढायचे आणि पाणी आलं की पुन्हा आत. महादेवाच्या देवळात नंदीच्या पुढं दगडी कासव. त्याला नमस्कार केल्याशिवाय कुणी पुढं जात नाही. पाठ बघ त्याची, हात लावून लावून गुळगुळीत झाली आहे. कूर्म म्हणजे देव. म्हणून कासवावर कुणी दगड उचलला नाही. तुझ्या हाडांनी एक तरी कासव वाचवलं आहे का?

मी : नाही, आप्पा. हे मी मोकळेपणानं मान्य करते. गोष्टीनं वाचवली. पण तीच गोष्ट आता कासवाच्या जिवावर उठली आहे. वीस नखांचं कासव आणा, अमुक वजनाचं आणा, पूजा करू, पैशांचा पाऊस पडेल, असं सांगणाऱ्या टोळ्या आपल्या महाराष्ट्रात जागोजागी पकडल्या जातात. ज्यांच्या विहिरीत आजोबांनी कासव सोडलं होतं, तेच ते काढून गोणीत भरून देतात. पाठीवर चांदण्या असलेलं जमिनीवरचं कासव तर नशीब उजळतं म्हणून घरात ठेवायला देशाबाहेरही चोरून जातं. हेच चांदणी कासव आणि ते शिवालिकातलं महाकासव, दोघांना शास्त्रज्ञ पुष्कळ काळ एकाच प्रजातीसमूहात धरत होते. मोठं गेलं. उरलेलं छोटं असं गोणीतून चाललं आहे.

आप्पा : पैशांचा पाऊस! कूर्मानं पाठीवर डोंगर घेतला तो दुसऱ्यांसाठी. त्यानं स्वतःसाठी अमृतसुद्धा मागितलं नाही. नखं मोजणारे हे लोक गोष्ट ऐकलेलेच नाहीत.

मी : त्यांना हे कोण सांगणार? मी सांगितलं तर म्हणतील, शहरातली शिकलेली बाई, हिला देवाधर्माचं काय कळतं. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ पासून आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, आणि आपल्याकडच्या नदीतल्या मऊ पाठीच्या आणि चांदणी कासवांना त्याचं सर्वांत कडक संरक्षण आहे. पण कायदा गोणी पकडल्यावर येतो. विहिरीवर पहिला हात थांबवायचा तर तिथं तुमचा शब्द लागतो. भजनाला बसणाऱ्याचा.

आप्पा : म्हणजे मी काय सांगू? की कूर्मावतार खोटा?

मी : नाही. ते मी कधीच म्हणणार नाही. एवढंच सांगा की कूर्मावताराची गोष्ट भार वाहण्याची आहे, धनाची नाही. आणि सांगा की आपल्या देशात एकदा हजार किलोचं कासव होतं आणि ते संपलं. कवच जाड असून संपलं. हे दुसरं वाक्य पुराणात नाही, पण तुमच्या तोंडून लोक ते ऐकतील.

आप्पा : एक मात्र कबूल कर. माझ्या मनात होतं की साक्रीत त्या मोठ्या कासवाची मूर्ती बसवावी. पोरांनी बघावी.

मी : कबूल. हिमाचलात सिरमौर जिल्ह्यातल्या साकेतीला १९७४ पासून जीवाश्म उद्यान आहे. शिवालिकातल्या जुन्या जनावरांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिमा तिथं उघड्या माळावर उभ्या आहेत, त्यात हे कासवही आहे. तसं इथं झालं तर माझा विरोध नाही. तमिळनाडूत मिळालेल्या एका फार जुन्या कासवाला शास्त्रज्ञांनी कूर्मडेमिस नाव दिलं आहे. विज्ञानानंही कूर्म सोडलेला नाही. मूर्तीखाली खरं माप आणि खरं ठिकाण लिहा. शिवालिकात सापडलं, साक्रीत नाही, असं स्पष्ट लिहा. शेजारी आपल्या नदीतल्या जिवंत कासवाचं नाव लिहा.

आप्पा : आणि हे? हे मी आता देव्हाऱ्यात ठेवू का?

मी : नाही, आप्पा. या कासवाचं हाड किंवा कवच घरात बाळगणं हाही गुन्हा आहे. तुमच्या मनात वाईट नाही हे मला माहीत आहे. पण कवचाला देव्हाऱ्यात मान आहे असं दिसलं, की उद्या कुणी विकत मागेल, आणि परवा कुणी त्यासाठी कासव मारेल.

आप्पांनी तुकड्यावरचं गंध ओल्या फडक्यानं पुसलं. फूल काढून देवापुढं ठेवलं. मग म्हणाले, "ज्या डॉक्टर लीथचं नाव त्या वरळीच्या कासवाला दिलं म्हणालीस, त्याचं पुढं काय?" मी सांगितलं की त्याच लीथचं नाव आज जिवंत असलेल्या एका कासवालाही आहे. दख्खनच्या नद्यांत राहणारं, मऊ पाठीचं, आपल्या द्वीपकल्पाखेरीज जगात कुठं नाही असं. वाळूचा उपसा, जाळी आणि मांसासाठी शिकार यांनी ते आता नाहीसं होण्याच्या काठावर आहे. एक लीथ दगडात गेला, दुसरा अजून पाण्यात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं जाऊन तो तुकडा वनखात्याच्या कार्यालयात देऊन आलो. कुठं मिळाला, कधी मिळाला, ते आप्पांनी स्वतः सांगून लिहवून घेतलं.

आमचं भांडण पूर्ण मिटलेलं नाही. महाकासवाची आठवण पुराणात आहे असं आप्पांना अजून वाटतं. मला वाटत नाही. पण आमच्यापैकी कुणाचंही खरं असलं, तरी ते कासव परत येणार नाही. विहिरीतलं आणि नदीतलं अजून आहे. तुमच्या गावात कुणी कासवाची नखं मोजताना, वजन करताना किंवा गोणीत भरताना दिसला तर गप्प बसू नका. वनखात्याचा मोफत क्रमांक १९२६ आहे. तो फिरवा.